रोधरंगाई, कागदावरील
कागदाच्या पृष्ठाचा काही भाग मेण, डिंक, खळ ह्यांसारख्या द्रव्याने झाकून उरलेल्या भागावर रंग चढविण्याची पद्धती. झाकलेल्या जागी रंग शिरत नाही व तेथे मूळ कागद नक्षीच्या रूपाने उघडा राहतो. बाटिक व बांधणी ह्या वस्त्रकलांतील तत्त्व हेच असून हस्तनिर्मित शुभेच्छापत्रांची पार्श्वभूमी तयार करण्यासाठी ते कागदावर योजिले जाते. मात्र कापड उकळता व पिळता येते. कागदाला ते सोसत नाही. ह्या एका फरकामुळे कागदावरील सगळीच कृती वेगळी ठरते.

सर्वांत सोपी कृती मेणाची. मेणबत्तीच्या तुकड्याने कोरड्या कागदावर नक्षी रेखून वरून पातळ जलरंग फिरविला, की रंग मेणावरून ओघळून बाजूला सरकतो. दाट अपारदर्शक रंग मात्र मेणावरही साचतो आणि वाळल्यावर त्याच्या खपल्या निघतात. वितळलेले मेण कुंचल्याने लावल्यास रेषा अधिक ठसठशीत येते. पॅराफिन ठिसूळ असल्याने त्याला तडे जाऊन त्यांतून रंगाच्या बारीक शिरा उमटतात. त्यात मधमाश्यांचे मेण मिसळल्यास तडे कमी पडतात. मेण थेट विस्तवावर न ठेवता गरम पाण्यातील भांड्यात वितळवितात. त्याने पेट घेतल्यास पाणी ओतणे घातक ठरते. भांड्यावर झाकण घालून ज्वाला विझवावी लागते. शेवटी टीपकागदांच्या घड्यांत ठेवून इस्त्रीने मेण काढून घेतात. तरीही थोडा तेलकटपणा उरतोच व त्या जागी शाई धरत नाही. म्हणून मजकुराची जागा आधीच मेणाविना राखून ठेवणे इष्ट.

डिंक पाण्यात विरघळत असल्याने त्यावर जलरंग चालत नाहीत. त्याऐवजी पोस्टर रंगाने नक्षी काढून वाळल्यावर सर्व कागदावर लाखयुक्त काळी शाई फिरवितात. नंतर कागद पाण्याखाली धरला, की खालचा रंग सुटून वरच्या शाईसह निघून जातो. ह्यात कागदाची खरी कसोटी लागते.

खळ देऊन दगडाने घोटलेला देशी कागद रंग लवकर शोषीत नाही व रेषा स्वच्छ राहते. खळ न दिलेल्या कागदात रंग तंतूंमधून मेणाखालीही पसरतो. खानदेशात एरंडोल व यावल ही गावे जाड्याभरड्या देशी कागदासाठी एकेकाळी प्रसिद्ध होती. ह्यांपैकी यावल भुसावळ–दीपनगर परिसरापासून तापीपलीकडे असून ते निळीसाठीही ख्यात होते. म्हणजे कागद आणि रंग दोन्ही एकाच गावी होते. पण गिरणीच्या कागदापुढे व कृत्रिम निळीपुढे हे दोन्ही धंदे टिकले नाहीत. पुण्यात १९४० मध्ये स्थापन झालेल्या हातकागद संस्थेने सुती चिंध्यांपासूनच्या कागदाला पुन्हा चालना दिली. अशा लांब तंतूंच्या कागदावर भिजविण्याच्या कृती अधिक निर्धास्तपणे करता येतात.

दख्खनमध्ये ह्या तत्त्वाचा फार सुंदर वापर सतराव्या शतकातील विजापूरच्या अबरी चित्रांत आढळतो. दाट केलेल्या पाण्यावर तरंगणारे रंग कागदावर उचलताना चित्राचा काही भाग कापीव कागदाने किंवा डिंकाने झाकला जाई. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील कृश घोडा व स्वार हे चित्र ह्याच परंपरेतील आहे. जपानमध्ये सेरिझावा केइसुके (१८९५–१९८४) ह्यांनी तांदळाच्या लुकणाने राखलेली नक्षी कापडावरून कागदावर आणली आणि दिनदर्शिका व भेटपत्रे सिद्ध केली. १९५६ मध्ये त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान मिळाला.