कमरेचं इंजेक्शन नेमकं काय करतं?

डॉक्टर म्हणाले, ‘गादी झिजलीय, मणक्यात इंजेक्शन देऊ,’ की घरात दोन प्रश्न उठतात. गादी भरून येईल का? आणि पाय लुळे तर पडणार नाहीत ना?

गादी भरून येत नाही. वय वाढतं तसं तिच्यातलं पाणी कमी होतं, ती चपटी होते, आणि रक्तपुरवठा जवळजवळ नसल्याने झीज भरून निघत नाही. पण झीज म्हणजे दुखणं असंही नाही. कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्या एमआरआयचा 2015 साली एकत्रित आढावा घेतला, तेव्हा विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. म्हणून रिपोर्टआधी दुखणं कुठे आहे ते नीट सांगावं.

कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरत असेल, तर बहुधा गादीचा फुगलेला भाग शिरेच्या मुळाला टेकलेला असतो आणि तिथे सूज असते. एपिड्युरल इंजेक्शन या सुजेवर आहे. रुग्णाला पालथं झोपवून कातडी बधिर करतात, सी-आर्मच्या एक्स-रेवर पाहत सुई शिरांच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत नेतात, थोडा रंग सोडून जागा पक्की करतात आणि मगच स्टेरॉइड देतात. सोबत बहुधा भुलीचं औषधही असतं. भूल काही तासांत उतरते, त्यामुळे दुखणं परतल्यासारखं वाटेल. स्टेरॉइडचा गुण यायला काही दिवस लागतात. आराम पडला तर तो काही आठवडे ते काही महिने टिकतो. व्यायाम सुरू करायला हाच काळ सोन्यासारखा. तो पडून घालवू नये, असं मला कळकळीने वाटतं.

नुसती कंबर दुखत असेल तर एपिड्युरलचा उपयोग कमीच. दुखणं मणक्यांमागच्या छोट्या सांध्यांचं वाटलं, तर त्यांच्या शिरा आधी फक्त भूल देऊन तपासतात. आराम पडला तर रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने त्या बधिर करतात. गादीतच पीआरपी, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेटयुक्त द्रव, टोचण्याची जाहिरात जोरात असली, तरी पुरावा अजून तोकडा आहे.

लुळेपणाची भीती निराधार नाही, पण तसं क्वचितच घडतं. अमेरिकेच्या एफडीएने 2014 मध्ये याबद्दल इशारा दिला होता. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावं, पण ती आपल्या मनाने बंद करू नये. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, ती घरी तपासत राहावी.

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर इंजेक्शनची वाट न पाहता लगेच इस्पितळ गाठावं.