वैमानिक होण्यापूर्वी

आकाशातून विमान घरघरत चालले की अंगणातले मूल हातचा खेळ टाकून मान वर करते. बहुतेकांचे हे वेड वयाबरोबर ओसरते. एखाद्याच्या मनात मात्र ते कायमचे घर करून बसते आणि शालेय शिक्षण संपताच असा मुलगा, किंवा तितक्याच निर्धाराने एखादी मुलगी, घरी सांगून मोकळी होते, ‘मला वैमानिक व्हावयाचे आहे.’ मग घरात खर्चाचा हिशेब सुरू होतो. उड्डाणाचे शिक्षण कित्येक लाख रुपयांचे. त्यासाठी कोणी ठेवी मोडतात, कोणी घर तारण ठेवून कर्ज काढतात. परंतु या साऱ्या खटाटोपाआधी विचारावयाचा एक प्रश्न पुष्कळदा मागेच राहतो. मुलाचे शरीर या व्यवसायास योग्य आहे काय?

‘त्याला कधी साधे पडसेही होत नाही,’ असे उत्तर पालक देतात आणि ते खोटे नसते. पण जमिनीवरचे आरोग्य आणि आकाशातली योग्यता या दोन गोष्टी सर्वस्वी एक नव्हेत. माणसास हे ज्ञान फार मोठे मोल देऊन मिळाले आहे.

15 एप्रिल 1875 रोजी पॅरिसहून ‘झेनिथ’ नावाचे वायुयान तीन धाडसी प्रवाशांना घेऊन वर चढले. विरळ हवेत उपयोगी पडावा म्हणून प्राणवायूच्या पिशव्या त्यांनी बरोबर घेतल्या होत्या. परंतु सुमारे 8,000 मीटर उंची गाठेपर्यंत त्या पिशव्यांची नळी तोंडाशी नेण्याइतके बळही त्यांच्या हातांत उरले नाही. वायुयान खाली उतरले तेव्हा क्रोसे-स्पिनेल्ली आणि सिव्हेल गतप्राण झाले होते. एकटा तिसांदिए वाचला. त्याने पुढे लिहून ठेवले की, त्या उंचीवर आपणास कोणतीही वेदना जाणवली नाही. उलट मन एका आनंदाने भरून गेले होते. या घटनेतील खरा धडा हाच आहे. प्राणवायू कमी पडू लागला की प्रथम माणसाची विचारशक्तीच मंदावते आणि आपण संकटात आहोत हे ओळखणारे मनच फसते.

समुद्रसपाटीपासून सुमारे 5,500 मीटरवर हवेचा दाब निम्म्यावर येतो. आजच्या प्रवासी विमानात आतील हवेचा दाब कृत्रिम रीतीने वाढवलेला असतो. तरीही तो साधारणतः 1,800 ते 2,400 मीटर उंचीच्या डोंगरावर असावा इतकाच राहतो. 10,700 मीटरवर ही व्यवस्था बिघडली, तर वैमानिकास शुद्धीवर राहून मुखवटा चढवावयास जेमतेम अर्धे ते एक मिनिट मिळते. तेवढ्या अवधीत त्याचे हृदय, फुप्फुसे आणि मेंदू यांनी दगा देता कामा नये. वैद्यकीय परीक्षेत रक्तदाब, रक्त, लघवी, हृदयाचा विद्युत् आलेख इत्यादींची जी बारकाईने पाहणी होते, तिचे कारण हे आहे. फेफऱ्याचा पूर्वेतिहास उमेदवारास बाद ठरवितो, तोही याच विचाराने.

कानाचे काम केवळ ऐकण्याचे नव्हे. विमान खाली उतरू लागले की बाहेरचा दाब वाढतो आणि घसा व मध्यकर्ण यांना जोडणारी नलिका मोकळी नसेल, तर कानात असह्य कळ येते. म्हणूनच साधे पडसे झालेल्या वैमानिकानेही उड्डाण टाळावे असे सांगितले जाते. अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका शरीराचा तोल सांभाळतात. पण दाट ढगांत क्षितिज दिसेनासे झाले की त्याच नलिका वैमानिकास चकवितात. विमान कलले असतानाही ते सरळ आहे असा भास होतो. अशा वेळी स्वतःच्या जाणिवेपेक्षा उपकरणांवर विश्वास ठेवावा लागतो.

डोळ्यांविषयी मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. चष्मा असलेल्याने वैमानिक होण्याची आशा सोडावी, ही समजूत नागरी उड्डाणाच्या बाबतीत खरी नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चष्म्यासह प्रत्येक डोळ्याची दूरदृष्टी 6/9 आणि दोन्ही डोळ्यांची मिळून 6/6 असली म्हणजे पुरे. फक्त उड्डाणाच्या वेळी दुसरा चष्मा हाताशी ठेवावा लागतो.

रंगांची गोष्ट निराळी. विमानाच्या डाव्या पंखावर तांबडा दिवा असतो, उजव्या पंखावर हिरवा. धावपट्टीशेजारी अनेक ठिकाणी चार दिव्यांची ओळ असते : दोन पांढरे व दोन तांबडे दिसले तर उतार योग्य, चारही तांबडे दिसले तर विमान फार खाली आले आहे. तांबड्याहिरव्याचा भेद ज्यास कळत नाही, त्यास हे जग वेगळेच दिसते, आणि गंमत अशी की ते त्याचे त्यासही ठाऊक नसते. रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन याने स्वतःच्या या दोषाचे वर्णन 1794 साली केले, तेव्हा तो चांगला प्रौढ झाला होता. हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो. आईची स्वतःची दृष्टी निर्दोष असू शकते. मामास किंवा आईच्या वडिलांस रंगांधत्व असेल, तर मुलाची तपासणी लवकर करून घ्यावी. रंगीत ठिपक्यांची काही चित्रे दाखवून नेत्रतज्ज्ञ अल्पावधीत ही शंका फेडू शकतो.

आपल्या देशात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे शिकाऊ परवान्यासाठी द्वितीय वर्गाचे, तर व्यावसायिक परवान्यासाठी प्रथम वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. प्रथम वर्गाची पहिली तपासणी अधिक कसोशीची असते. बंगळूर येथे 1957 साली स्थापन झालेली हवाई दलाची वैमानिकी वैद्यकसंस्था हे अशा तपासणीचे एक नामवंत केंद्र आहे. पुष्कळ कुटुंबे द्वितीय वर्गाच्या प्रमाणपत्रावर समाधान मानून शिक्षणशुल्क भरतात आणि पुढे प्रथम वर्गात अडतात. तसे होऊ नये म्हणून मोठी रक्कम गुंतविण्यापूर्वीच प्रथम वर्गाची तपासणी उरकून घेणे शहाणपणाचे.

एवढे करूनही शरीरातले काही कोपरे कोणत्याच यंत्रास दिसत नाहीत. 24 मार्च 2015 रोजी फ्रान्समधील आल्प्स पर्वतात ‘जर्मनविंग्ज’चे विमान सहवैमानिकाने हेतुपुरस्सर आदळविले आणि 150 जीव गेले. आपला मानसिक आजार त्याने कंपनीपासून लपविला होता. उड्डाणाचा हक्क जाईल ही धास्ती त्यामागे असावी, असे चौकशीतून पुढे आले. म्हणूनच प्रश्नपत्रिकेतील ‘पूर्वी कोणता आजार झाला होता काय?’ या साध्या प्रश्नाचे खरे उत्तर हे रक्ताच्या तपासणीइतकेच मोलाचे आहे. हे धैर्य परीक्षागृहात एकाएकी येत नाही. दुखणे सांगितले तर घरचे रागावतील, स्वप्न मोडेल, ही भीती ज्या घरात नाही, तेथेच ते वाढते.

तपासणीत ‘अयोग्य’ असा शेरा मिळणे ही नामुष्की नव्हे. काही दोष तात्पुरते असतात, उपचारांनंतर फेरतपासणी होते, निर्णयाविरुद्ध दादही मागता येते. आणि दोष कायमचा ठरला, तरी विमानांची रचना, हवामानशास्त्र, विमानतळांचे व्यवस्थापन ही क्षेत्रे मोकळीच असतात. उत्तीर्ण झालेल्यासही ही परीक्षा एकदाच देऊन सुटका नाही; नोकरीत ती साधारणतः दरवर्षी आणि साठी उलटल्यावर दर सहा महिन्यांनी द्यावी लागते. आईवडिलांनी मुलास विमानाकडे बोट दाखवून स्वप्न द्यावे. त्याबरोबरच स्वतःच्या शरीराविषयी खरे बोलण्याची सवयही द्यावी. पुढे कधीतरी त्याच्या पाठीमागे बसणाऱ्या शेकडो अनोळखी माणसांचा भरवसा त्या सवयीवरच असणार आहे.