यीस्टमधले पोटभाडेकरू

पाव फुगवणारं, वाइन आंबवणारं यीस्ट म्हणजे एका पेशीचा जीव. त्याला कसले आलेत विषाणू, असं वाटणं साहजिक आहे. पण सॅकरोमायसिस सेरेव्हिसीच्या अनेक वाणांमध्ये विषाणू पिढ्यानपिढ्या सुखाने नांदतात. काही यीस्ट विष सोडून आपल्याच जातभाईंना मारतात, हे मॅकोवर आणि बेव्हन यांनी १९६३ साली नोंदवलं. त्यामागचा विषाणू नंतर उलगडला.

मग एका टाकीतल्या यीस्टची लागण दुसऱ्याला होत असेल? तशी होत नाही. ‘एल-ए’ नावाचा हा विषाणू पेशी फोडून बाहेर पडतच नाही. पेशीला कळी फुटली की तो तिच्यात उतरतो, किंवा दोन पेशींचा संयोग झाला तर दुसरीत जातो. शेजाऱ्याला मारतं ते विष, विषाणू नव्हे.

विष बनवण्याची माहितीही एल-एकडे नसते. ती ‘एम’ नावाच्या दुहेरी आरएनएच्या तुकड्यात असते. एल-ए भाडेकरू म्हटला, तर एम हा पोटभाडेकरू: कवच एल-एचं, नकला काढणारं विकरही त्याचंच. या एमच्या एकाच जनुकातून विष बनतं आणि त्या विषापासून पेशीचं संरक्षणही होतं. त्यामुळे एम गमावलेली पेशी सुटत नाही, आपल्याच नातलगांच्या विषाला बळी पडू शकते. विषापेक्षा मला ही बांधून ठेवण्याची चलाखीच जास्त थक्क करते.

माणसाला धोका? ‘के-१’ हे विष आधी यीस्टच्या पेशीभित्तिकेतल्या बीटा-ग्लुकनला चिकटतं, मग आतल्या पटलाला छिद्रं पाडतं. आपल्या पेशींना भित्तिकाच नाही. शिवाय हे प्रथिन उष्णतेने निकामी होतं. पावाच्या भट्टीत ते काय टिकणार!

विष सोडणाऱ्या या यीस्टला ‘किलर’ यीस्ट म्हणतात. नाव ऐकून ते जनुकीय फेरफारातून घडवलं असावं, असंही काहींना वाटतं. पण वाइनसाठी विकलं जाणारं ‘के१-व्ही१११६’ हे किलर वाण मॉन्टपेलियेच्या संशोधकांनी १९७२ साली निसर्गातूनच वेगळं केलं. मात्र किलर यीस्ट टाकलं की नको ते सगळे जंतू मरतात, ही अपेक्षा फोल आहे. जिवाणूंना हे विष बाधत नाही आणि द्राक्षाच्या सालीवरची इतर जातींची बहुतेक यीस्टही त्याला दाद देत नाहीत. बिअरवाल्यांना तर हे वरदान उलटंच पडू शकतं: बाहेरून घुसलेलं किलर यीस्ट भट्टीतलं यीस्ट मारतं, असं १९७३ साली नोंदलं गेलं.

हा सगळा विषय मद्यापुरता आहे, असंही समजू नये. एम असूनही काही यीस्ट विष सोडत नव्हती, कारण विषाचं कच्चं प्रथिन कापणारं ‘केक्स-२’ हे विकर त्यांच्यात बिघडलेलं होतं. डेव्हिड ज्युलियस आणि जेरेमी थॉर्नर यांच्या गटाने १९८४ साली त्याचं जनुक वेगळं केलं. त्याच्याशी असलेल्या साम्यावरून पुढे माणसातली तशीच विकरं ओळखता आली. स्वादुपिंडात प्रोइन्शुलिन कापून इन्शुलिन तयार करणारी विकरं त्यातलीच.