पांढरा साप आणि त्याचा बाजार

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतील एक हमाल मांडूळ बाळगल्याबद्दल पकडला गेला. पोत्यात काय आहे हे त्याला ठाऊक होते, नाही असे नाही. पण साताऱ्याहून सांगलीस पोते पोहोचविले की हजार रुपये, एवढाच त्याचा वाटा. लाखांच्या गोष्टी सांगणारा दलाल मात्र सापडला नाही. त्याच्या जामिनासाठी हेलपाटे घालताना आम्ही सापांविषयी वाचू लागलो, आणि मांडुळावरून परदेशातील पांढऱ्या बोआपर्यंत येऊन पोहोचलो.

मांडूळ हा अमेरिकेतील बोआचा आपल्याकडील भाऊबंद. दोघेही बिनविषारी, भक्ष्याला विळखा घालून मारणारे, आणि दोघांच्याही माद्या अंडी न घालता पिल्ले प्रसवतात. बोआ सहा ते दहा फुटांचा. आपला मांडूळ दोन हातांच्या आत-बाहेर, उंदीर खाऊन शेतकऱ्याची चाकरी करणारा. शेपूट बोथट म्हणून तो दुतोंड्या ठरला. शेपटाला डाग देऊन डोळे-तोंड भासविणारे गारुडीही होऊन गेले. पुढे गुप्तधनाची आणि दुर्धर रोग बरे होण्याची बतावणी चिकटली, आणि वजनावर भाव ठरू लागला.

तिकडे भाव ठरतो तो रंगावर. आपल्याकडे म्हातारा नाग धनावर बसून पांढरा होतो असे सांगतात. ते खोटे. हा पांढरेपणा जन्माचा असतो. कातडीतील काळे रंगद्रव्य शरीरात तयारच होत नाही. तांबडा आणि पिवळा रंग मात्र राहतो. म्हणून असा बोआ चुन्यासारखा पांढरा नसून पिवळसर-केशरी दिसतो, आणि डोळे गुलाबी. रानात असे पिल्लू घारी-गरुडांच्या नजरेस लवकर पडते.

याची पैदास कशी करतात? ऑस्ट्रियातील मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्यांवर केलेले प्रयोग १८६६ साली छापले गेले. तोच नियम येथे लागू आहे. आम्ही तो आमच्या भाषेत सांगतो. काळा रंग करण्याच्या कामावर प्रत्येक पिल्लाला दोन कारागीर मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोघांपैकी एक जरी कामाचा असला तरी रंग चढतो. पांढऱ्या सापाचे दोन्ही कारागीर निकामी. त्याचा जोडा साध्या मादीशी लावला तर सगळी पिल्ले रंगीतच निघतात, पण प्रत्येकाच्या पोटी एक निकामी कारागीर लपलेला असतो. ही पिल्ले तीन-चार वर्षांनी वयात आली आणि भावंडांचाच जोडा लावला, की सरासरी चारांत एक पांढरे. वीस पिल्लांत पाच. उरलेल्या पंधरांपैकी दहांत दोष लपलेला. पण ती कोणती, हे नुसते पाहून सांगता येत नाही. ती 'असेल कदाचित' या बोलीवर विकली जातात! एवढ्यासाठी रक्ताच्या नात्यात जोडे लावायचे, आणि त्याबरोबर दुसरे दोषही वर येण्याचा धोका पत्करायचा.

एक गंमत आहे. बोआंत पांढऱ्यांची दोन वेगळी घराणी आहेत. दोन घराण्यांतले पांढरे नर-मादी एकत्र आणले, तर सगळी पिल्ले रंगीत! कारण रंगकामात टप्पे अनेक. एका घराण्यात एका टप्प्याचा कारागीर निकामी, दुसऱ्यात दुसऱ्या टप्प्याचा. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. गिरणीत पिंजणी आणि कताई ही दोन खाती असतात. कोणतेही एक बंद पडले की सूत निघत नाही, पण बंद पडण्याचे कारण निराळे.

पहिल्या पांढऱ्या सापांना भारी किंमत आली ती दुर्मिळपणामुळे. पिल्ले वाढली तशी ती उतरली, म्हणून आता नव्या रंगाचा शोध. हे चक्र आम्हांस अनोळखी नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मांडूळ पकडणे व विकणे गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने बोआसारखा परदेशी साप बाळगणाऱ्यानेही त्याची आणि जन्मलेल्या पिल्लांची नोंद सरकारकडे करावयाची आहे. बत्तीस शिराळ्यातील जिवंत नागांच्या प्रदर्शनालाही न्यायालयाच्या आदेशाने आळा बसला. पण शौकिनाच्या दिवाणखान्यातील साप आणि हमालाच्या पोत्यातील साप यांच्याकडे कायद्याचे डोळे सारखेच वळतात, असे आम्हांस अजून दिसलेले नाही. आमचा हमाल तारखेला अजून जातो. त्या दिवसाची मजुरी बुडते.