दात्याचें भय आणि परिचारिका

रक्ताच्या कर्करोगानें पीडलेल्या भावास मूळपेशी देण्यास धाकटा भाऊ राजी होतो. पण रात्रीं त्याच्या मनांत शंका डोकावूं लागतात. कण्यांत सुई खुपसतील काय? जन्माचें अधूपण येईल काय? घरच्यांपुढें हें बोलण्याची त्यास लाज वाटते. म्हणून जाणती परिचारिका त्याला एकांतांत गांठते आणि प्रथम सारें ऐकून घेते.

मग ती खरें तेंच सांगते. कण्याला कोणी हात लावीत नाहीं. मज्जाच हवी असल्यास ती भूल देऊन कमरेच्या हाडांतून काढतात. पुष्कळदां त्याचीहि गरज पडत नाहीं. ४-५ दिवस इंजेक्शनें दिलीं कीं मूळपेशी रक्तांत उतरतात. एका हातांतून रक्त यंत्रांत जातें, पेशी वेगळ्या होतात व उरलेलें रक्त दुसऱ्या हातांत परततें. यास ४ ते ६ तास लागतात. हाडें ठणकतील, डोकें दुखेल, ओठांना मुंग्या येतील, हेंहि ती लपवीत नाहीं. मुंग्यांवर कॅल्शियमचा उपाय असतो.

भारतांतील पहिलें मज्जारोपण १९८३ सालीं मुंबईच्या टाटा रुग्णालयांत झालें. रोपणापूर्वीं कांहीं दिवस रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनीं नष्ट करतात. नकाराचा अधिकार दात्यास शेवटपर्यंत असतो. परंतु त्यानंतर तो मागें फिरला, तर रुग्णाच्या जिवावर बेततें. म्हणून त्याचें भय आधींच बोलकें व्हावें लागतें. भिडेखातर दिलेला होकार डळमळतो. शंका फिटून आलेला टिकतो.