‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी

आजचा विषय ऐकायला तांत्रिक आहे, पण प्रश्न पैशाचा आहे, म्हणून हातातलं काम करता करता ऐका. कॉम्प्युटर चालू केला, पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाच राहिला. दुकानात नेला तर उत्तर मिळतं, ‘बोर्ड गेला, नवीन घ्या.’ आम्ही चौघीजणी दुरुस्तीच्या टेबलावर बसतो. आमच्याकडे असे ‘गेलेले’ बोर्ड येतात. त्यातल्या काहींत गेलेली असते ती फक्त एका चिपमधली लिखावट.

या चिपमध्ये बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. घरात सगळ्यांत आधी जी उठते, चूल पेटवते आणि मग एकेकाला हाक मारते, तसं हे काम. बटण दाबलं की बायोस आधी जागा होतो, मेमरी, कीबोर्ड, डिस्क यांना उठवतो आणि मग विंडोजच्या हाती कारभार देतो. पहिलीच उठली नाही, तर बाकीचं घर झोपलेलंच राहतं.

ही लिखावट बिघडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बायोस अपडेट चालू असताना वीज जाणं. अपडेटमध्ये जुनी लिखावट पुसून नवी लिहिली जाते. मध्येच लाइट गेली तर जुनी नाही आणि नवीही नाही. चुकीच्या मॉडेलची फाइल टाकली तरी तेच होतं. व्हायरसनेही हे घडलेलं आहे. १९९८ साली तैवानमधून सुटलेल्या सीआयएच नावाच्या व्हायरसने २६ एप्रिल १९९९ रोजी अनेक देशांत कॉम्प्युटरची डिस्क आणि काहींचा बायोससुद्धा पुसला होता.

पण काळा पडदा म्हणजे बायोसच बिघडला असं नाही. आधी सोप्या गोष्टी पाहा. वायर काढून, मेमरीची पट्टी काढून, तिचे सोनेरी दात खोडरबरने हलके पुसून परत बसवा. बोर्डवर नाण्यासारखा सेल असतो, नंबर सीआर २०३२. वायर काढलेली असतानाच तो काढून पाच मिनिटांनी बसवा. डेस्कटॉपमध्ये यामुळे चुकीची सेटिंग पुसली जाते. सेल संपला तर घड्याळ मागे जातं, पण बायोसचा प्रोग्रॅम जात नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

यानेही उठला नाही तर कंपनीने ठेवलेली वाट पाहावी. काही बोर्डांवर दोन बायोस असतात, काहींना मागे फ्लॅशबॅकचं बटण असतं, काही लॅपटॉप ठरावीक कळा दाबून पेन ड्राइव्हवरून बायोस परत घेतात. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो आणि फाइलचं नाव कंपनीने सांगितलेलंच लागतं.

तेही जमलं नाही तर चिप बाहेरून लिहावी लागते. आजच्या बहुतेक बोर्डांवर ती आठ पायांची असते. प्रोग्रॅमर नावाचं छोटं यंत्र काहीशे रुपयांत मिळतं. ते दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायचं आणि त्याचा चिमटा चिपवर बसवायचा. बिघडलेल्या बोर्डची वीज, बॅटरी आणि सेल आधी काढायचा. चिपवरचा ठिपका म्हणजे पहिला पाय. चिमट्याची लाल वायर त्या बाजूला. चिप ३.३ व्होल्टची की १.८ व्होल्टची, हे नंबरवरून तपासायचं. १.८ च्या चिपला जास्त दाब दिला तर ती कायमची जाते.

लिहिण्याआधी चिप दोनदा वाचायची. दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या तर चिमटा नीट बसलाय. जुळल्या नाहीत तर पुढे जायचंच नाही. जुनी प्रत जपून ठेवायची, कारण तिच्यात त्या मशिनचा सीरियल नंबर, नेटवर्कचा पत्ता आणि विंडोज ८ नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये विंडोजची किल्लीसुद्धा असते. दुसऱ्या मशिनची फाइल जशीच्या तशी टाकली तर हे सगळं बदलतं.

नवी फाइल त्याच मॉडेलची आणि चिपच्या मापाचीच हवी. ८ मेगाबाइटच्या चिपला बरोबर ८३,८८,६०८ बाइटची. कंपनीची फाइल कधीकधी मोठी असते, तिच्यातला जादा भाग वेगळा करावा लागतो. मग पुसणं, लिहिणं आणि लिहिलेलं पडताळणं. पहिल्यांदा चालू होताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. घाईने बटण दाबू नका.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. तुमचे फोटो, गटाचे हिशेब, मुलांचा अभ्यास हे सगळं डिस्कवर असतं, बायोसमध्ये नाही. म्हणून ‘डेटा गेला’ असं कोणी म्हटलं तर लगेच मानू नका, आणि डिस्क फॉरमॅट करायला हो म्हणू नका. मात्र लॅपटॉपला बिटलॉकरचं कुलूप असेल तर बायोस बदलल्यावर तो ४८ अंकी किल्ली मागू शकतो. ती नसेल तर दुकानदारही काही करू शकत नाही. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे मशीन चालू आहे तेव्हाच पाहा आणि वहीत लिहून ठेवा.

दुकानात तीन प्रश्न विचारा. बायोस तपासला का? जुन्या लिखावटीची प्रत घेतली का? जुना बोर्ड परत मिळेल ना? उत्तरं नीट मिळाली नाहीत तर मशीन उचलून दुसरीकडे न्या.

आणि ज्यांचं मशीन ठणठणीत आहे त्यांनी कारण नसताना बायोस अपडेट करू नये. करायचंच असेल तर डेस्कटॉप यूपीएसवर, लॅपटॉप भरलेल्या बॅटरीने आणि चार्जर लावून, आणि लाइट जाण्याची वेळ टाळून. एवढं सांभाळलंत तर आमच्या टेबलापर्यंत यायची वेळच येणार नाही.