गाडीला वेगळ्या मापाचे टायर : सुरक्षा, कायदा आणि व्यवहार

घोडेगावहून शनिशिंगणापूरकडे वळणाऱ्या रस्त्यावर शनिवारी आणि विशेषतः शनि अमावस्येला गाड्यांची रीघ लागते. शिर्डीहून सवाऱ्या आणणाऱ्या भाड्याच्या गाड्या, परगावच्या खासगी मोटारी आणि आठवडी बाजारांना माल नेणारे पिकअप हे सगळे एकाच रस्त्यावर असतात. त्यात कंपनीच्या मापापेक्षा रुंद, उंच किंवा बुटके टायर बसवलेल्या गाड्याही कमी नाहीत. ड्रायव्हिंग, पंक्चर आणि टायरविक्रीच्या धंद्यात आपले अनेक तरुण आहेत. तेव्हा टायरचे माप बदलल्याने काय होते आणि कायदा काय म्हणतो, हे त्यांना पक्के ठाऊक असले पाहिजे.

टायरवरचे आकडे

कापडाच्या व्यापारात आम्ही ताका घेण्यापूर्वी पन्हा पाहतो. टायरचाही पन्हा त्याच्या अंगावरच लिहिलेला असतो. उदाहरणार्थ, १६५/८० आर १४ ८५ टी. यातील १६५ म्हणजे मिलिमीटरमधील रुंदी. ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १४ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. शेवटचे ८५ हा वजनाचा सांकेतिक आकडा असून त्याचा अर्थ एक टायर जास्तीत जास्त ५१५ किलो भार पेलतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरची वेगमर्यादा. गिऱ्हाईक पहिले तीन आकडे विचारते, परंतु जिवाशी खरा संबंध चौथ्या आकड्याचा आहे.

व्यासाचा हिशेब

१६५ चे ८० टक्के म्हणजे १३२. वरची व खालची बाजू मिळून २६४ मि.मी. त्यात १४ इंच रिमचे ३५५.६ मिळवले की टायरचा एकूण व्यास ६१९.६ मि.मी. येतो. २०१८ साली आलेल्या मारुती स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला हे माप होते, तर वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. दुसऱ्याचा व्यास ६२१.५ येतो. रिम एक इंच वाढली, पन्हा २० मि.मी. वाढला, तरी व्यासात दोन मि.मी.चाही फरक नाही. कंपनी माप बदलते ते असे हिशेबाने.

आता कोणी त्याच गाडीला रुंद दिसतो म्हणून १७५/६५ आर १४ टायर बसवला असे समजू. त्याचा व्यास ५८३.१ मि.मी., म्हणजे जवळजवळ सहा टक्के कमी. गाडी सुमारे १८ मि.मी. खाली बसते आणि गतिरोधकावर पोट घासते. या मापाच्या टायरवर वजनाचा आकडा सहसा ८२ असतो, म्हणजे ४७५ किलो. चार टायर मिळून १६० किलो ताकद घटली. टायर दिसायला रुंद झाला, पण पेलायला दुबळा झाला. सवाऱ्या आणि सामान भरलेल्या गाडीत, उन्हाळ्यात, तापलेल्या डांबरावर हाच टायर फुटण्याचा धोका वाढतो.

उलट प्रकारही होतो. बोलेरोचा २१५/७५ आर १५ टायर काढून २३५/७५ आर १५ बसवला, तर व्यास ७०३.५ वरून ७३३.५ मि.मी. होतो, म्हणजे सव्वाचार टक्क्यांनी जास्त. मीटर ८० दाखवते तेव्हा गाडी ८३ च्या पुढे धावत असते. इंजिनला चढावर जास्त जोर लागतो, ब्रेकवर ताण येतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या पत्र्याला लागू शकतो. म्हणून जाणकार मेकॅनिक व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवतात.

मापात पाप

व्यापाऱ्याच्या नजरेतून आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. गाडीचे मीटर चाकाचे फेरे मोजते. टायर लहान झाला की फेरे वाढतात आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवते. शिर्डी ते शनिशिंगणापूर जाऊन-येऊन साधारण १४० किलोमीटर धरले, तर वरच्या लहान टायरवर मीटर जवळजवळ १४९ दाखवील. भाडे किलोमीटरवर ठरले असेल, तर नऊ किलोमीटरचे पैसे सवारीने फुकट मोजले. कापडात गजाला दोन बोटे मारणे आणि हे, यात फरक काय? सूरह मुतफ्फिफीनमध्ये माप मारणाऱ्यांना दिलेला इशारा तराजूपुरताच आहे असे कोणी समजू नये. जाणूनबुजून असे भाडे घेतले तर ती कमाई हलाल कशी म्हणावी?

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतील तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच बाजू उचलून धरली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

गाडीचा नमुना बाजारात येण्यापूर्वी तपासला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२६ मध्ये ही तपासणी करणाऱ्या संस्थांत आपल्या अहिल्यानगरच्या, म्हणजे जुन्या अहमदनगरच्या, व्ही.आर.डी.ई. या संरक्षण खात्याच्या संस्थेचेही नाव आहे. टायरचे माप हा त्या तपासलेल्या गाडीचाच भाग आहे.

मालवाहू गाडीच्या बाबतीत नियम अधिक कडक आहेत. कलम ५८ प्रमाणे टायरची संख्या, प्रकार व माप नोंदणीत लिहिले जाते आणि गाडीचे एकूण वजन त्याच्याशी जोडलेले असते. जाड प्लायचे टायर टाकले म्हणून पासिंगचे वजन वाढत नाही. जादा भारासाठी कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड सांगितला आहे. पिकअपने गाठी नेणाऱ्या व्यापारी बंधूंनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

खासगी मोटारीच्या आर.सी. कार्डावर टायरचे माप सहसा छापलेले नसते. म्हणून चालून जाईल असे समजू नये. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा सर्व्हेअर टायर पाहतो आणि गाडीच्या नुकसानभरपाईला हरकत घेऊ शकतो.

बसवण्यापूर्वी पाहावे

१. ड्रायव्हरच्या दाराजवळची पट्टी आणि कंपनीचे पुस्तक पाहावे. आपल्याच मॉडेलच्या एखाद्या प्रकाराला कंपनीने दिलेले दुसरे माप हाच निर्धोक मार्ग. रिमही त्याच मापाची घ्यावी. बाहेर आलेली रिम बेअरिंग लवकर खराब करते.

२. वजनाचा आणि वेगाचा संकेत मूळ टायरपेक्षा कमी नसावा.

३. एका अ‍ॅक्सलवर दोन्ही टायर एकाच मापाचे व एकाच जातीचे असावेत. स्टेपनीचा व्यासही जुळता असावा.

४. आय.एस.आय. खूण पाहावी. २००९ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने ती आवश्यक झाली आहे. बाजूवरच्या चार आकड्यांतून टायर बनल्याची तारीख कळते. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा.

५. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मि.मी.पेक्षा कमी झाली की टायर बदलावा. नियम ९४ तसे सांगतो.

६. बसवल्यावर गाडीत माणसे बसवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे. अलाइनमेंट करून घ्यावे आणि बदल विमा कंपनीला लेखी कळवावा.

टायरविक्रेत्या बंधूंना एवढेच सांगणे आहे की, गिऱ्हाईक हट्ट करते म्हणून चुकीचे माप देऊ नये. देताना बिलावर पूर्ण माप आणि वजनाचा आकडा लिहावा. एका जोडीचा नफा सोडावा लागला तरी चालेल. गाडीत बसलेली सवारी ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे, मग ती दर्शनाला निघालेली असो की बाजाराला.